चतुराबाईंनी ऐकलेले शेवट

औरंगपुऱ्यातल्या त्या जुन्या वाचनालयाचा जिना चढून दीपमाला वर आली की काउंटरवरच्या गीताबाई हातातलं काम बाजूला सारत. पुस्तक बदलायला आलेल्या दुसऱ्या बायकाही जरा रेंगाळत. रहस्यकथांच्या कपाटात नवं काय आलंय आणि त्यातलं वाचण्यासारखं काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"ते लिफ्टवालं कसं आहे हो, दीपमालाताई?"

"घ्या. पण मधली पानं नीट वाचा. गुन्हेगार दोनदा चहा घेऊन येतो."

"घ्या, सांगून टाकलंत की."

"चहा तिघं जण आणतात," दीपमाला म्हणाली. बायका हसल्या. ती हसली नाही, पण तिला वाईटही वाटलं नव्हतं.

तिची मतं ठाम होती. हल्लीच्या रहस्यकथांमधून पाइप ओढणारा गुप्तहेर गेला, हे तिला बरं वाटे. आता तपासाला बाई हवालदार येते, तिच्या घरी दळण संपलेलं असतं, पोराची परीक्षा असते. गुन्हेगार पुस्तकाचा एक तृतीयांश भाग संपायच्या आत आपल्याला भेटून गेला पाहिजे. शेवटी कुठून तरी मावसभाऊ उपटला की ते पुस्तक तिच्या मनातून उतरे. आणि मोबाइल, कॅमेरे आल्यापासून माणूस हरवणं अवघड झालंय, तेव्हा लेखकानं डोकं लावायला हवं. "'फोन बंद होता' एवढं लिहून भागत नाही," ती एकदा सहज म्हणाली. बायका हातातली पुस्तकं चाळायला लागल्या. तिचा नवरा ज्या रविवारी घरातून गेला त्या रविवारी त्याचा फोन घरीच चार्जिंगला लावलेला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

सुदर्शन चिकलठाण्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. करमाडच्या पुढं गावाकडं शेती होती, ती थोरला भाऊ तात्यासाहेब बघायचा. त्या सकाळी सुदर्शन 'आलोच' म्हणून निघाला. दोन दिवसांनी त्याची स्कूटर हर्सूल तलावाच्या बाजूला सापडली, नीट स्टँडवर लावलेली, हँडलला कुलूप, आरशाला हेल्मेट. तलावात माणसं उतरली. काही मिळालं नाही. त्याला आता चौथं वर्ष चालू होतं.

पुस्तकात अशी स्कूटर असली की तिच्या डिकीत काहीतरी निघतं. सुदर्शनच्या डिकीत एक पुसायचं फडकं निघालं.

दीपमाला तेव्हा रडली नाही आणि नंतरही नाही. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असून आपला वाटत नाही, बोट लावलं तर कुणा दुसऱ्याचा वाटतो, तसं तिचं झालं होतं. स्वयंपाक होत होता, लाइटबिल भरलं जात होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या बायका तिच्यासमोर आल्या की करंडा घेतलेला हात मधेच थांबे. तिला कुंकू लावायचं की नाही, त्यांना कळत नसे. मग ती स्वतःच बोट बुडवून टेकवून घेई आणि पुढचीला जागा करून देई.

सासू चतुराबाई तिच्याजवळच राहत. त्यांना वाचता येत नव्हतं. मुलगा गेल्यावर त्या महिनोन्‌महिने भिंतीकडं तोंड करून निजल्या. बोलायच्या नाहीत. एका दुपारी दीपमाला पंख्याखाली पुस्तक घेऊन बसली असताना भिंतीकडूनच आवाज आला.

"काय हाय त्यात?"

"गोष्ट आहे, आत्याबाई. एक माणूस हरवतो."

खाट करकरली. चतुराबाई उठून बसल्या. "मोठ्यानं वाच."

दीपमालानं वाचलं. पाच-सहा दुपारी वाचत राहिली. दर दुपारी चतुराबाई एकच विचारत, "सापडला का?" शेवटचं प्रकरण आलं. पुस्तकात त्या माणसाचं प्रेत विहिरीत सापडतं. दीपमालानं ते ओळीत बघितलं, आणि पुस्तक तसंच हातात धरून म्हणाली, "सापडला. नाशकात होता. डोक्याला मार लागून विसरला होता सगळं."

"देवा," चतुराबाई म्हणाल्या. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

तेव्हापासून दीपमालानं वाचलेल्या प्रत्येक पुस्तकातला हरवलेला माणूस जिवंत सापडला. लिफ्टवाला, पवनचक्कीवाला, लग्नाच्या व्हिडिओवाला, सगळे सापडले. लेखकांनी मारले, दीपमालानं उठवून घरी आणले. शेवट रचताना तिला काही वाटत नसे. भाजीत मीठ घालावं तसं ती घाली.

श्रावण संपता संपता तात्यासाहेब आले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली.

"पोरीचं, प्रेरणाचं लग्न दिवाळीनंतर करायचं म्हणतीस ना?"

"हो. तिनं पुण्यातच पसंत केलंय. मुलगा चांगला आहे."

"मग त्याच्या आधी एक उरकायला पाहिजे." तात्यासाहेबांनी आत बघितलं आणि आवाज खाली आणला. "पितृपक्षात पैठणला सुदर्शनचे दिवस घालू. दर्भाचा पुतळा करत्यात. गुरुजींना विचारलंय मी. तुझं काय म्हणणं?"

दीपमालानं आपलं म्हणणं शोधून बघितलं. सापडलं नाही. "तुम्ही म्हणाल तसं, तात्या."

आवाज खाली आणला म्हणून चतुराबाईंना ऐकू आलं नाही असं नव्हतं. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या जित्या लेकाला जाळतोस व्हय रं?"

"आई, कवर वाट बघायची?"

"ज्याचे दिवस घातले त्याला उंबरा वलांडता येत नाय. तुला ठाव हाय, मला ठाव हाय. तुझ्या बापाच्या चुलत्याचं काय झालं होतं? दिवस घातल्यावर हैदराबादहून आला तर बारा महिने गोठ्यात निजला त्यो. बायको हाय, पोरं हायती, अन्‌ दारातून आत घ्यायला कुणी तयार नाय. उद्या सुदर्शन आला तर कुठून येईल त्यो? सांग."

"येईल कुठून आता."

"येत्यात," चतुराबाई म्हणाल्या. "लई जण येत्यात. दीपमाळ वाचती ना, त्यातले समदे आले." सुनेचं नाव त्यांना कधी जमलंच नाही, देवळापुढच्या दीपमाळेवरच त्यांनी ते भागवलं होतं.

तात्यासाहेबांनी दीपमालाकडं बघितलं. तिनं चहाचे कप उचलले.

जाताना फाटकाशी ते म्हणाले, "तुझं ऐकती ती. माझं नाय ऐकायची. अडीच-तीन महिने राह्यलेत लग्नाला. लेकीच्या लग्नात तुला कुठं उभं करायचं, तेच कळंना मला. अक्षता टाकायला हाय का बाजूला, कुणी सांगंना. तूच समजाव तिला."

"बघते," दीपमाला म्हणाली.

ते गेल्यावर ती फाटकाजवळच थांबली. समजवायचं कशानं? तिनंच तर हे सगळे आणून ठेवले होते. आता एकाला येऊ द्यायचं नाही, असं कसं सांगणार?

त्याच आठवड्यात गीताबाईंनी एक कोरं पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. "पहिल्यांदा तुम्हीच न्या. मग सांगा, बायकांना देण्यासारखं आहे का."

पुस्तक द्राक्षांच्या मुलखातलं होतं. बागायतदाराचा मुलगा नाहीसा होतो, कोल्डस्टोरेजवर संशय येतो, आणि गोष्ट दोन बायकांच्या तोंडून चालते: एक त्याची वहिनी, एक तपासाला आलेली फौजदार. दीपमालाला पहिल्या दहा पानांतच कळलं की या लेखिकेला माणसं दिसतात. वहिनी खोटं बोलण्याआधी दर वेळी पदराचं टोक सारखं करते, आणि हे लेखिका कुठं सांगत नाही, नुसतं दाखवते.

चतुराबाईंनाही ते आवडलं. "ही खरं बोलत नाय," त्या वहिनीबद्दल तिसऱ्याच दुपारी म्हणाल्या.

"कशावरून?"

"लई नीट बोलती."

शेवटचं प्रकरण आलं तेव्हा बाहेर ऊन होतं. दीपमालानं पुढचं दार ओढून कडी लावली, मागच्या दारातून जेवढा उजेड येत होता तेवढ्यात बसली. तिनं आधी वाचून ठेवलं होतं. मुलगा शेततळ्यात असतो, पहिल्या दिवसापासून. खालच्या प्लास्टिकला शेवाळ धरलेलं, पाय घसरला की वर येता येत नाही. कुणी मारलेलंच नसतं. वहिनीनं फक्त बघितलेलं असतं आणि सांगितलेलं नसतं.

"सापडला का?"

"सापडला." दीपमालाची नजर पानावर होती. "संध्याकाळची वेळ होती. फाटक वाजलं. आईनं बघितलं तर तोच. वाळला होता. बाहेरच्या नळावर त्यानं पाय धुतले, आणि तिथूनच आत हाक मारली, 'धपाटे हायेत का गं?'"

पंखा फिरत होता. चतुराबाईंनी विचारलं,

"द्राक्षाच्या गावाला धपाटे करत्यात का?"

दीपमालाला आपण काय बोललो ते तेव्हा ऐकू आलं. नळावर पाय धुताना आत हाक मारायची सवय सुदर्शनची होती. शब्दही त्याचेच होते. ते तिच्या तोंडात कधी येऊन बसले, तिला कळलं नव्हतं.

"करत असतील," ती म्हणाली.

"दीपमाळ, तू शेवट वाचतीस तवा पान उलटत नाय."

"काय?"

"बाकीच्या टायमाला पानाचा आवाज येतो. शेवटाला येत नाय. पहिल्या पुस्तकापासून. विहिरीवाल्यापासून." चतुराबाईंच्या आवाजात राग नव्हता. "विहिरीतच व्हता ना त्यो? दर दुपारी त्या विहिरीचंच येत व्हतं वाचण्यात."

दीपमालानं मान डोलावली.

"मग बोलला का नाहीत, आत्याबाई?"

"मला वाटलं, तुला तसं सांगून बरं वाटतंय. मी म्हनलं, वाटू दे. तू रडत नाहीस, भांडत नाहीस. तेवढं एक खोटं बोलतीस, तर बोलू दे."

"मी तुमच्यासाठी बोलत होते."

"व्हय का," चतुराबाई म्हणाल्या. हसण्यासारखं काहीतरी त्यांच्या तोंडावर येऊन गेलं. "शहाण्याच हावोत दोघी."

थोड्या वेळानं त्यांनी खाटेवर पाय वर घेतले, पदर गुडघ्यांवर ओढला. "आता छापलंय ते वाच."

दीपमालानं वाचलं. शेततळ्याचं पाणी पंपानं उपसतात, फौजदारबाई काठावर उभी राहते, मुलाची आई बांधावर बसलेली असते आणि तिला कुणी जवळ येऊ देत नाही. दीपमालाचा आवाज सरळ चालला होता, शाळेत धडा वाचतात तसा. मधे एक पान उलटलं, मग आणखी एक. दोघींनी तो आवाज ऐकला.

"झालं?"

"झालं."

"अंगात काय व्हतं त्याच्या?"

दीपमालानं मागची पानं उलटून बघितली. "ते लिहिलं नाही."

"लिवायला पायजे व्हतं," चतुराबाई म्हणाल्या. "आई पहिलं तेच इचारती."

सुदर्शनच्या अंगात फिकट निळा चौकड्यांचा शर्ट होता, कॉलर आतून विरलेली. पोलिसांना सांगताना दीपमाला पांढरा म्हणाली होती आणि चतुराबाईंनी तिला दुरुस्त केलं होतं. त्या दुपारी दोघी त्या शर्टाबद्दल बराच वेळ बोलल्या. तो कुठून घेतला होता, त्याचं एक बटण वेगळं कसं होतं. बोलणं संपलं तेव्हा मागच्या दारातलं ऊन सरकून भिंतीवर गेलं होतं.

"तात्याला फोन लाव," चतुराबाई म्हणाल्या.

फोन कानाला लावून त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. "तात्या, त्या गुरुजीला इचार. दिवस घातलेल्याला पुढल्या दारानं येता येत नाय, बरोबर? मागल्या दाराचं काय सांगितलंय?"

तिकडून तात्यासाहेब म्हणाले, "मागल्या दाराचं काय नसतं, आई."

"मग जाऊ पैठणला."

पितृपक्षात ते गेले. प्रेरणा पुण्याहून आली होती. गोदावरीला पाणी बरंच होतं. गुरुजींनी दर्भाचा पुतळा केला, तो सुदर्शनसारखा नव्हता, कुणासारखाच नव्हता. चतुराबाईंनी पिशवीतून निळ्या चौकड्यांचं कापड काढलं. गावात हिंडून तसंच शोधून आणलं होतं. ते त्यांनी पुतळ्यावर घातलं आणि कॉलर असती तिथं बोटानं सारखं केलं. पुढं कुणीतरी बाई दीपमालाच्या बांगड्यांकडं सरकली, तेव्हा चतुराबाई म्हणाल्या, "तिच्या हाताला हात लावायचा नाय. लेकीच्या लग्नात अक्षता टाकायच्यात तिला." बाई मागं सरली. तात्यासाहेब पाण्याकडं बघत राहिले.

दीपमालाला रडू येईल असं प्रेरणाला वाटत होतं. ती आईच्या जवळ जवळ राहत होती. रडू आलं नाही. परतताना गाडीत दीपमालाला भूक लागली, एवढंच. तशी भूक लागल्याचं तिला आठवत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी तिनं शेततळ्यावालं पुस्तक परत केलं.

"कसं आहे?" गीताबाईंनी विचारलं.

"द्या बायकांना. चांगलं आहे. एक गोष्ट राहिलीय त्यात, पण चांगलं आहे."

दुपारी तिनं पुढच्या दाराला कडी लावली. मागचं दार नुसतं लोटलं, आता ते तसंच असे. चतुराबाई खाटेवर सरसावून बसल्या.

"ह्यात कोण हरवतंय?"

"कुणी नाही. एक हार चोरीला जातो."

"जाऊ दे," चतुराबाई म्हणाल्या. "वाच."

दीपमालानं वाचायला सुरुवात केली. पहिलं पान संपलं, तिनं ते उलटलं.