तीन भारी, एक हलका

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कुणी अंगात आल्याच्या गोष्टी सुरू केल्या की मी सरळ उठून जायचो. म्हणूनच हे इतकी वर्षं कुणाजवळ बोललो नाही...

सत्तरच्या दशकाचा शेवट. नागपूरला पीएच.डी. करत होतो – तारे ज्या थंड वायूच्या ढगांतून जन्मतात, त्या ढगांच्या रेडिओ लहरींवर. दुर्बीण कसली, विभागाच्या गच्चीवर आभाळाकडे तोंड केलेलं तांब्याच्या पत्र्याचं एक भलंमोठं चौकोनी नरसाळं! विभागाच्या वर्कशॉपला ते जमेना, म्हणून माझ्या बाबांनी ठोकून दिलं. इतवारीत आमचं तांब्याची भांडी घडवायचं दुकान. बाबांचा हात ठरलेला – तीन ठोके भारी, चौथा हलका, मग जरा थांबणं. आम्ही भावंडं त्याच तालावर वाढलो.

नरसाळं गच्चीवर चढलं त्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय आयकून राहिला गा तू याच्यातून?"

"तारे कसे जन्मतात ते, बाबा."

"मंग पुस्तकात माह्यं नाव येईन ना?"

"पहिल्याच पानावर," मी म्हणालो.

थोडी निरीक्षणं उरली होती, तोवर टायपिंग सुरू झालं. आभाराचं पान पाहून गाइडसरांनी बाबांच्या नावावर लाल रेघ मारली. "थिसिस आहे हा, लग्नपत्रिका नाही. 'वर्कशॉप' लिहा." मी लिहिलं. शेपूट घालून लिहिलं! पंधरवड्यातच बाबा दुकानात काम करता करता गेले. त्यांना मी काही सांगितलंच नव्हतं.

तेरावं आटोपून परतलो. रोज दुपारी तो वायूचा ढग नरसाळ्यासमोरून सरकला की चार्टच्या कागदावर पेन एक टेकडी काढायचं. त्या दिवशी टेकडीवर काटे आले. तीन उंच, एक बुटका, जरा मोकळी जागा... पुन्हा तीन उंच, एक बुटका. हा तर बाबांचा हात! मग स्वतःलाच दटावलं – कुठल्यातरी मोटारीच्या ठिणग्यांचा गोंधळ असेल. पण जमिनीवरचा गोंधळ आपल्या घड्याळाने चालतो. ताऱ्यांमधली वस्तू रोज चार मिनिटं आधी येते. हे काटे रोज चार मिनिटं आधी येत होते. अकरा दिवस! रिसीव्हर उघडला, वायरी बदलल्या... फरक शून्य.

सर म्हणाले, "पदवी हवी, की भुतं मोजायचीत? कापा ते."

तेव्हा आम्ही कागदावरची टेकडी कात्रीने कापून तराजूवर तोलायचो. वजनावरून सिग्नल किती ते कळायचं. मी अकरा दिवसांचे काटे छाटले, केराच्या टोपलीत टाकले. दुसऱ्या दिवसापासून टेकडी गुळगुळीत. पुन्हा एकही काटा आला नाही – मी वाट पाहिली तरी. परीक्षकांनी नोंदी स्वच्छ आहेत म्हणून कौतुक केलं.

पुढे आयुष्यभर हाच विषय शिकवला. त्या काट्यांचं स्पष्टीकरण आजही माझ्याजवळ नाही, आणि खरं सांगायचं तर मला झोप न येण्याचं कारण ते नाहीच.

थिसिस घरी नेला, तेव्हा आईने तो मांडीवर घेतला. तिला अक्षरओळख नव्हती. "कुठी हाये गा यायचं नाव?" तिने विचारलं.

मी तिचं बोट धरलं आणि 'वर्कशॉप'वर ठेवलं. तिने ते बोट कपाळाला लावलं.