मास्तरांना मारलेली हाक

ही गेली, आणि त्यानंतर काही महिन्यांतच मुलाला कंपनीने वर्षभर अमेरिकेला धाडायचं ठरवलं. त्याचं लग्न व्हायचं होतं. मी मार्केट यार्डात कांद्याच्या गाळ्यावर जन्म काढलेला, मला चहासुद्धा धड येत नाही. तेव्हा म्हाताऱ्याच्या जेवणाचं काय, एवढाच प्रश्न उरला. खालच्या मजल्यावर एक रिटायर मास्तर राहतात. त्यांच्या बाई म्हणाल्या, दोन्ही वेळ आमच्याकडेच जेवा. माझं मन होत नव्हतं. म्हणून मुलाने हिंजवडीहून येताना गोठवलेल्या जेवणाची दोन खोकी आणली. मेक्सिकन, म्हणे. इंग्रजी मला वाचता येत नाही, हिरवा ठिपका तेवढा बघितला. चव घ्यायला मास्तर आणि बाईंनाही वर बोलावलं.

खोकं मायक्रोवेव्हमध्ये लावून मुलगा दही आणायला गेला. बाई त्यावर नजर ठेवायला आत थांबल्या. बाहेर आम्ही दोघं. मास्तर पेपरात.

तेवढ्यात आतून हाक आली. "अहो, जरा या इकडे. हे फुगायला लागलंय."

"आलो," म्हणत मी उठलो. माझं स्वयंपाकघर, आतून बाईमाणसाचा आवाज, आणि अहो. मी विचार कुठला करतोय. दारापर्यंत गेलोसुद्धा.

बाईंनी वळून बघितलं. हळूच म्हणाल्या, "बसा तुम्ही भाऊजी. मी ह्यांना म्हटलं."

ह्यांनी पेपरातून मान वर केली नव्हती. उठणं दूरच. आपली हाक आहे, पुन्हा येईल, अशी खात्री असल्यावर माणूस कशाला उठेल? मला त्या माणसाचा राग आला. खोटं कशाला लिहू, जळलो मी. त्याच्या लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी त्याची बायको शाबूत आणि माझी नाही, हा कुठला हिशेब?

मुलगा आला, त्याने वरचा कागद फाडला, भसकन वाफ निघाली. भात, राजमा, मक्याचे दाणे, वर चीजचा चिकट थर. वाईट नव्हतं. आंबट-तिखट, पण ओळख नसलेल्या घरी जेवल्यासारखं. बाई बोलता बोलता मास्तरांच्या ताटलीतली ढोबळी मिरची वेचून स्वतःच्या ताटलीत घेत होत्या, त्यांना बाधते म्हणून. मास्तरांचं लक्षही नव्हतं. मला बाधत नाही. तरी मी बघत बसलो.

मुलाने विचारलं, "मग बाबा, काकूंकडेच जेवाल ना?"

मी म्हणालो, नाही. ही खोकी आण.

बाईंचा चेहरा पडला. आमच्या हातचं आवडत नाही का, म्हणाल्या. मला गोड बोलता येत नाही.

"हाताला नाव ठेवायला जागा नाही तुमच्या. तुम्ही ह्यांना अहो म्हणता, ते मला रोज दोन वेळा ऐकवणार नाही."

मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "मग या वयात तिनं मला नावानं हाक मारायची की काय?"

"मारा," मी बाईंना म्हणालो.

बाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी थट्टा करत नव्हतो. ते मास्तरांना कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि उरलेला भात मुकाट्याने संपवला. अमेरिकेला जायच्या आधी मुलाने फ्रीजर खोक्यांनी भरून दिला.