चिनाकाहोची हाक

व्हो म्बेंगेनींच्या आणि माझ्या अंगणात एक झुडपांचं कुंपण, एवढंच अंतर. त्यामुळे त्यांच्याकडे काय शिजलं, काय करपलं, ते मला न विचारता कळतं. त्यांची बायको चिनाकाहो गेली, त्या हिवाळ्यापासून बहुतेक करपायचंच.

तिनं मागे ठेवलं काय, तर चार भांडी, दोन ब्लँकेटं आणि अकरा कोंबड्या. पण कोंबड्या अस्सल व्हेंडा, आम्हा व्हेंडा लोकांच्या जुन्या जातीच्या. काळ्या-पांढऱ्या-तांबड्या, डोक्यावर तुरा, पायाला पाच बोटं. आमच्या आज्यांकडे ह्याच असायच्या. आता घरोघरी पांढऱ्या ब्रॉयलर, नाहीतर त्यांच्याशी संकर झालेल्या चार बोटांच्या. ह्या शुद्ध राहिल्या, कारण माझा कोंबडा कुंपणाआत शिरला की चिनाकाहो त्याला झाडूनं बडवायची. त्यावरून आमची भांडणंही झाली.

आमच्यात गुरं पुरुषांची, कोंबड्या बायकांच्या. म्हातारा गडी कोंबड्यांमागे फिरतोय म्हटल्यावर लोक सोडतात होय? "व्हो म्बेंगेनी, अंड्यांवर कधी बसताय?" असं बिअरच्या बैठकीत विचारायचे. ते चिडायचे नाहीत, हळूहळू बैठकीला जायचेच बंद झाले. मुलगा जोहान्सबर्गला, त्याचा फोन नाताळात. घरात बोलायला कोणी नाही.

पहिला महिना कोंबड्या त्यांना जुमानेनात. संध्याकाळी ओरडून ओरडून त्यांचा घसा बसायचा आणि ह्या बाया आंब्यावर. दोन रानमांजरानं नेल्या. मग एका संध्याकाळी कुंपणापलीकडून चिनाकाहोचा आवाज आला. बारीक, नाकातला, शेवटी उंच चढणारा: "कुरूरू, कुरूरू." माझ्या हातातलं भांडं पडलं. वाकून पाहिलं, तर व्हो म्बेंगेनी मुठीत मका घेऊन, डोळे मिटून तिच्या आवाजात हाक घालत होते. कोंबड्या धावत आल्या. मी घरात जाऊन रडले. खोटं कशाला सांगू, पुढे रोज त्या वेळेला मी कुंपणाजवळच काहीतरी काम काढायचे.

वर्ष भरलं. गेलेल्या बाईच्या वस्तू वर्षानं तिच्या माहेरची आत्या येऊन वाटते. तिला आम्ही मखाद्झी म्हणतो आणि तिच्या शब्दापुढे गावच्या प्रमुखाचंही चालत नाही. कोंबड्या बाईच्या, म्हणजे त्याही जाणार. आदल्या दिवशी व्हो म्बेंगेनी माझ्या दारात आले.

"अव्हासेई, उद्या कोंबड्या तुमच्या खोपटात कोंडून ठेवा. विचारलं तर म्हणेन, साथीनं मेल्या."

"म्हातारपणी खोटं बोलायला लागलात? आणि शेजारच्या घरात कोंबडी लपवतात का कोणी? ऊन कललं की ती आपल्याच दांडीवर जाणार. असलं ठरवण्याआधी बाईमाणसाला विचारायचं तरी."

"भांडी नेऊ देत, ब्लँकेटं नेऊ देत. ह्या गेल्या तर मी हाक कोणाला मारू?"

मी कोंबड्या कोंडल्या.

दुसऱ्या दिवशी मखाद्झी आली, बरोबर चिनाकाहोची धाकटी बहीण मासिंदी. ही बहीण आजारपणात एकदाही फिरकली नव्हती. व्हुस्वा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि पालेभाजी खाऊन झाल्यावर वाटणीला बसले. भांडी झाली, ब्लँकेटं झाली.

"आणि कोंबड्या?" मखाद्झीनं विचारलं.

"साथीनं मेल्या," व्हो म्बेंगेनी जमिनीकडे बघत म्हणाले.

तेवढ्यात ऊन कललं. माझ्या खोपटाचं गवती छप्पर कुजकं. एक कोंबडी त्यातून बाहेर पडली, तिच्यामागे सगळ्या, आणि कुंपणावरून उडून थेट मंडळींच्या मधोमध उतरल्या.

"साथ बरी दिसतेय," मखाद्झी म्हणाली. "मेलेल्यांना उडता येतंय."

मासिंदी पकडायला धावली, तशा कोंबड्या फाकल्या, निम्म्या आंब्यावर चढल्या. ती धापा टाकत वळली. "दाजी, लाज शिल्लक असेल तर बोलवा त्यांना."

व्हो म्बेंगेनींनी मका घेतला, डोळे मिटले आणि हाक घातली. चिनाकाहोच्या आवाजात, तश्शी.

मासिंदी होती तिथेच मातीत बसली. कोंबड्या झाडावरून उतरून त्यांच्या पायाशी आल्या. मग मखाद्झीनं घसा साफ केला. "एक जोडी मासिंदी नेईल, रीत आहे. बाकीच्या ज्या बाईच्या आवाजाला येतात, तिच्याच आहेत. आणि ती अजून ह्या घरात राहते."

जोडी टोपलीत बांधली. मंडळी निघाली, मासिंदी मात्र उठेना.

"दाजी, आणखी एकदा हाक मारा."

"नाही. दाण्याशिवाय हाक मारली की कोंबडीचा विश्वास उडतो. मग ती येत नाही."

मासिंदी उठली. दारातल्या पोत्यात हात घालून तिनं मूठ भरली आणि त्यांच्या तळहातावर रिकामी केली.

"हा मका," ती म्हणाली. "आता मारा."