सासूचे समाचार

माझ्या सासूला गावात कुणी आजारी पडलेलं चालायचं नाही. म्हणजे तिला न सांगता पडलेलं. कुणाला ताप आला, कुणाचा पाय मुरगळला, की ही समाचाराला हजर. दारातून विचारून परत फिरणारी ती नव्हती. अंथरुणाशी बसायची, लेकराचं तोंड आपल्या पदरानं पुसायची, ओकारीचं घमेलं स्वतः नेऊन उपडं करायची. मग रांजणात तांब्या बुडवून रोग्याला पाणी पाजायची आणि आपणही प्यायची. दुसऱ्याच्या घरचं पाणी न पिता उठणं म्हणजे त्या घराचा अपमान, असं तिचं मत. मला तिचा राग यायचा, कारण मागं भाकरी मलाच थापाव्या लागत. पण मी आजारी पडले की तीच जवळ असावी असं वाटायचं, हेही खरं.

त्या दुष्काळात विहिरी आटल्या होत्या, बोअर नुसतं फुसफुसायचं. ऊस वाळला, सहकारी साखर कारखान्याचं धुराडं थंड पडलं, तरी कारखाना सभासदांच्या गावांना टँकर पाठवायचा. आम्हाला तेवढंच पाणी. हात राखेनं चोळायचे आणि पदराला पुसायचे.

अशात ढाळवांती सुरू झाली. आधी वेशीजवळच्या घरातलं लेकरू, मग शेजारचं घर, मग मारुतीमागची आळी. दोन लेकरांना नांदूरघाटला दवाखान्यात न्यावं लागलं. एक घर उठून बसायचं तोवर दुसरं आडवं. "टँकरमधून कारखान्याच्या मळीचं पाणी पाजायलेत आपल्याला," असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांना ते पटलं.

पुढच्या खेपेला टँकर आला तेव्हा तरणी पोरं वेशीत आडवी उभी. आम्ही बाया हंडे घेऊन मागं.

"टँकर माघारी ने बे!" एकजण ड्रायव्हरवर ओरडला.

"नेतो की. पण एकदा गेला की पुन्हा मागायचा न्हाई. दुसरी गावं वाट बघायलीत."

माझ्या रांजणाच्या तळाशी नुसता गाळ होता. पोरांच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं.

आरोग्य उपकेंद्राची नर्सबाई तिथंच होती. ती म्हणाली, "अरे, टँकरच्या पाण्यात औषध टाकलेलं आहे. आणि पाण्यानं झालं असतं तर सगळ्या घरांना एकदम लागण झाली असती. इथं एकामागून एक घर पडतंय. माळावरच्या मेंढरवाल्यांना हाच टँकर पाणी देतो ना? तिथं कोण आजारी आहे?"

त्या वस्तीतला म्हातारा घागर घेऊन उभा होता. "आमी सगळे ठणठणीत हाव. आमच्याकडं येतंय कोण? ह्या म्हातारीनं तर बोलणंच टाकलंय, एका शेळीपायी."

ही म्हातारी म्हणजे माझी सासू. त्याच्या शेळीनं आमची तूर खाल्ली तेव्हापासून तिनं त्या वस्तीची वाट सोडली होती.

नर्सबाईनं विचारलं, पहिली लागण कुठल्या घरात, मग कुठल्या. बाया सांगत गेल्या. ती वाट मला पाठ होती. संध्याकाळी सासूला जेवायला हाका मारत मी त्याच वाटेनं फिरायचे. मी तिच्याकडं पाहिलं. तिला आधीच कळलं होतं. पदराचं टोक हातात धरून ती त्या टोकाकडंच बघत होती.

मी तिचा दंड धरला. "आत्या, गप घरी चला."

तिनं हात झटकला आणि थेट टँकरपुढं जाऊन उभी राहिली.

"सोडा त्या टँकरला! पाण्यानं काय केलं न्हाई. ह्या घरची घाण त्या घरी मी नेली, ह्याच हातानं. शिव्या द्यायच्या तर मला द्या. पाणी कावून घालवता?"

शिव्या कोण देणार? वाट अडवणाऱ्या बहुतेक पोरांची शेंबडी तोंडं तिनं त्याच पदरानं पुसली होती.

मेंढरवाला म्हातारा म्हणाला, "म्हंजे माझ्या शेळीनं तूर खाल्ली ते बरंच झालं."

"मुडदा बशिवला तुझ्या शेळीचा!" सासू म्हणाली. बाया फिसकन हसल्या. पोरं बाजूला झाली आणि हंडे पुढं सरकले.

साबण लावून हात धुवायचे, तेवढं पाणी जिवावर आलं तरी खर्चायचं, आणि आजाऱ्याच्या घरात शिरायचं नाही, असं नर्सबाईनं बजावलं. सासू रडकुंडीला आली. "आत न जाता समाचार कसा घेऊ?"

"रस्त्यावरून घ्या, आज्जी."

मग ती रस्त्यावरून ओरडायला लागली. "कितीदा गेलीस गं आज?" आतल्या सुनेला तसंच ओरडून सांगावं लागायचं. अख्ख्या आळीला कळायचं. निम्म्या सुना लाजेनंच बऱ्या झाल्या असतील.

गाव सावरलं आणि शेवटी सासूच आडवी झाली. मी तिला मीठ-साखरेचं पाणी पाजत होते.

"कोण आलतं का गं?"

"कुणी नाही."

"एकबी न्हाई?"

"नर्सबाईनं बंदी घातलीय ना, आत्या."

तिनं भिंतीकडं तोंड केलं. दुपारी टँकरचा हॉर्न वाजला. जरा वेळानं बाहेरून आरोळी आली, "म्हातारे, कितीदा गेलीस गं?"

मी डोकावले. डोक्यावर भरले हंडे घेऊन आळीतल्या बाया रस्त्यात थांबल्या होत्या. त्यांच्या मागं तो मेंढरवालाही घागर खांद्यावर घेऊन उभा.

"दार सताड उघड," सासू मला म्हणाली आणि पडल्या पडल्या तिनं असं खणखणीत उत्तर दिलं की मी निर्धास्त झाले. ही काही इतक्यात जात नव्हती.