निळं पिंप आणि माझी नणंद

या गं पोरींनो, जरा जवळ सरका. इतकं लांब बसून ऐकलं की अर्धं वाऱ्यावर जातं. आणि ती हिरवी बाटली आधी खाली ठेवा. मी जव्हारहून ठाण्याला लेकीकडे आले ती काय हे बघायला? अंगातलं विष काढायला विकतचं पाणी प्यायचं? माझ्या धाकट्या नणंदेने बघितलं असतं तर तिने आधी बाटली हुंगली असती, मग तुम्हाला हुंगलं असतं, आणि दोघांना उन्हात वाळत घातलं असतं.

आमच्या गावात हिच्या नाकाखालून गेल्याशिवाय कुणाच्या पोटात काही गेलेलंच नाही. ती गावातच दिलेली, आमच्यापासून दोन घरं सोडून, त्यामुळे तिच्या नाकाचा पहिला हक्क आमच्या घरावर. ओली लाकडं पेटत नाहीत म्हणून चुलीत प्लास्टिकची पिशवी घालायची आमच्याकडे सर्रास खोड. कुणी पिशवी पेटवली की ही सुक्या शेण्या घेऊन त्याच्या दारात हजर. भांडायची नाही. चूल पेटवून द्यायची, चहा घ्यायची. चहा पिताना मात्र भांडायची. जव्हारच्या बाजारातले वडेवाले चाचा तिला लांबून बघूनच छापील कागद बाजूला सारायचे आणि पळसाचं पान काढायचे. "आपा, धुतलंय," असं आपणहून सांगायचे, तरी ही पान उलटंसुलटं करून बघायचीच. माझा मुलगा शेतात औषध फवारून आला की त्याला आत घ्यायची नाही. कपडे बाहेर, आंघोळ बाहेर, मग "ये रे बाबा." औषधाचा रिकामा कॅन धुऊन कुणी त्यात शेतावर प्यायचं पाणी न्यायला लागलं, तर ती विळ्याच्या टोकाने कॅनला भोकं पाडून परत द्यायची.

एकदा मी विचारलं, बाई गं, जे आधीच पोटात गेलंय त्याचं काय? तर म्हणाली, "वैनी, आत गडी आहेत की कामाला. जन्मल्यापासून झाडलोट करतात, एक दिवस सुट्टी नाही. आपण त्यांच्या डोक्यावर जास्तीची पाटी द्यायची नाही, एवढंच." त्या गड्यांसाठी म्हणून ती सकाळी नागलीची आंबील पिते, पालेभाजी खाते आणि दिवेलागणीला जेवून झोपते. त्यांना रात्रीचं काम असतं म्हणे.

मागल्या वैशाखात माझ्या नातीची हळद होती. वैशाखात आमच्या विहिरी तळाला जातात, टँकर येतो, आणि ज्याच्या दारात निळं पिंप तो श्रीमंत. मुलाने शेजारून दोन पिंपं आणून भरून घेतली. ही पिंपं कुठल्या तरी कारखान्यातून सुटलेली, भंगारवाल्याकडून आलेली. साबणाने घासली की झालं, असंच आम्ही सगळे मानतो. तरी नणंदेने हुंगल्याशिवाय पाण्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. ती पिंपावर वाकली. बराच वेळ वाकून राहिली. मग मला ओढत मांडवामागे नेलं.

"वैनी, मला वास येत नाही."

"बरंच झालं की. पाणी चांगलं असेल."

"अगं, हळदीचा पण येत नाही."

तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. सकाळपासून हळद तीच कालवत होती. शिमग्यात पडसं झालं, तेव्हापासून वास गेला तो गेलाच, आणि बयेने कुणाला सांगितलं नव्हतं. नाकच गेलं तर आपलं कोण ऐकणार, ही भीती. तिकडून मुलगा हाका मारत होता, आत्या, घेऊ का पाणी? हो म्हणाली असती तर कुणाला कळलं असतं?

ती बाहेर आली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली, "माझं नाक बंद पडलंय. मला काही कळत नाही. पण ह्यात आधी काय होतं, ते कुणाला ठाऊक आहे का?"

कुणालाच नव्हतं.

"मग प्यायला नाही. भातालाही नाही."

मुलगा चिडला. नाक चालत नाही तर आता कशाच्या जोरावर अडवतेस, असं पाहुण्यांपुढे बोलला. तिने दोन हंडे उचलले आणि भर उन्हात खालच्या झऱ्याची वाट धरली. मागोमाग आमची नवरी उठली, अंगभर हळद लागलेली, आणि कळशी घेऊन उंबऱ्याकडे निघाली. हळद लागलेली पोर घराबाहेर पडत नाही आमच्यात. मग काय, तिला थांबवायला साऱ्या बायांनी हंडे-कळश्या हिसकावल्या आणि गाणी म्हणत नणंदेच्या मागे गेल्या. पोरगी खांबाला टेकून हसत होती. पंगत उशिरा बसली, पण झऱ्याच्या पाण्यावर बसली. पिंपातलं पाणी मांडवातली धूळ बसवायला शिंपडलं.

आता ती हुंगत नाही, विचारते. ह्यात आधी काय होतं, हे कुठून आलं, त्यावर काय मारलंय. दुकानदार म्हणतात, नाक परवडलं. गाव अजून तिचं ऐकतं. पण कधी संध्याकाळी माझ्या चुलीपाशी येऊन बसते. नव्या तांदळाचा भात रटरटत असतो. हळूच विचारते, "वैनी, कसा येतोय गं वास?" मी म्हणते, गोडसर, दूध तापल्यासारखा. ती डोळे मिटून म्हणते, अजून सांग. मला त्यापुढे सुचत नाही.

मी उद्याच्या एसटीने परत जाईन. तुम्ही शिकलेल्या, बोलक्या. नवा तांदूळ संपायच्या आत एकदा या, तिच्याजवळ बसा आणि तिला नीट सांगा.