नाकातून आलेलं पाणी

बाबांनी शेवटचं पाणी घेतलं नाही, असं आमच्या गावात अजून बोललं जातं. पाणी न घेता गेलेला माणूस तहानलेला फिरतो म्हणे. बोलोत बापडे! मी त्यांची मुलगी, पाणी पाजायला मीच बसले होते.

बाबांची टाळू तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं खाल्ली. नागपूरच्या डॉक्टरांनी ती काढली तेव्हा मला कागदावर चित्र काढून दाखवलं. वरच्या मजल्यावर नाक, खालच्या मजल्यावर तोंड आणि मधला स्लॅब म्हणजे टाळू. स्लॅब गेला की खाल्लेलं वर जातं, बोललेलंही वर जातं. म्हणून त्या भोकावर बसवायला गुलाबी प्लेट दिली, कवळीसारखी. ती तोंडात असली की बाबा आमचे बाबा असायचे. काढली की नुसता नाकातला आवाज, अन् घोटभर चहासुद्धा नाकावाटे बाहेर.

माणूस मुळातच बडबड्या. भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानात जन्म गेला, गिऱ्हाइकाला बोलून बोलून दमवायचे. पहिल्यांदा प्लेट बसवली तेव्हा म्हणाले, "जिभेले हाड नवतंच, आता टाळूबी नाही. आता मले कोन थांबवते?" माय हसता हसता रडली. जेवताना मात्र ते गप्प व्हायचे. नव्या चिन्नोरचा भात जिभेनं टाळूशी दाबून चाखायची त्यांची सवय. आता दाबायचे ते प्लास्टिकवर. "नुसता गरम लागते," म्हणायचे आणि ताट सरकवायचे. मला राग यायचा. कोणाचा, ते नका विचारू.

ते गेले त्या दुपारी श्वास लागला तसे शेजारपाजारचे जमले. कोणीतरी तुळशीचं पान टाकलेली वाटी माझ्या हातात दिली. मी चमच्यानं पाणी सोडलं, ते सगळं नाकातून बाहेर आलं. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच.

"पोरी, त्यायनं नाही घेतलं," शेजारची काकू म्हणाली. "जीव अडकला हाय कशात तरी."

"काहाचा जीव अडकला, काकू! प्लेट नाही ना तोंडात. धुवायले काढली होती."

मी प्लेट आणायला मोरीकडे धावले. परत आले तोवर संपलं होतं.

धुवायला काढली, असंच मी मायला सांगितलं, भावालाही सांगितलं. खोटं आहे ते. सकाळपासून बाबांनी एकच धोशा लावला होता. मी उठायची, द्यायची, टेकले की पुन्हा तेच. तीन रात्रींची जागी होते मी. शेवटी डोकं फिरलं. "बस्स करा ना आता बाबा, काहून जीव खाता?" म्हणत बोट घालून प्लेट ओढून काढली. ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलत होते, शब्द काही बनेना. मला हायसं वाटलं. खरंच सांगते, हायसं वाटलं.

आता दुपारी घर सामसूम झालं की तो नाकातला आवाज मला मागच्या दारातून ऐकू येतो. डॉक्टरांचं चित्र मला पाठ आहे, तरी अंगावर काटा येतो. मायला काही ऐकू येत नाही. ती परवा म्हणाली, "त्या दिवशी सकाळपासून काय मागून राहिले होते वं ते?"

"काही नाही," मी म्हणाले.

पाणी मागत होते.