वीरभद्रप्पाचं विमान

वीरभद्रप्पा सोलापुरातल्या एका गिरणीत मागांचा फिटर होता. बायको निंगव्वा जाऊन चार वर्षं झाली, एकुलती लेक जगदेवी वळसंगला दिलेली. घरात बोलायला माणूस नाही. मग हा गडी काय करतो? तर बांबूच्या काड्या तासून, वर पतंगाचा कागद खळीनं चिकटवून विमानं करतो! चाळीतल्या बाया म्हणायच्या, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं हो. जगदेवी लहान असताना डोक्यावरून एकदा खरं विमान गेलं, तेव्हा तिला तसलं करून देतो म्हणून त्यानं कबूल केलं होतं. त्यानंतरचं प्रत्येक विमान नाकावर आपटलं.

चौतीस साली निरोप आला, सिद्धेश्वराच्या जत्रेला जगदेवी नवऱ्यासोबत एक दिवस येणार. वीरभद्रप्पा झपाटलाच. पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोलायचं; नाक वर गेलं की नाकाला मेण, खाली गेलं की तेच खरवडायचं. वारा नको म्हणून सुट्टीच्या दिवशी पहारेकऱ्याच्या हातापाया पडून माग खात्यात उडवायचं. तिथं सूत तुटू नये म्हणून हवा कायम ओलसर ठेवत. शेवटी एकदाचं विमान मागांच्या रांगांमधून सरळ गेलं. एवढा मोठा माणूस, पण रडला.

जत्रेच्या दिवशी तो लेक-जावयाला माळावर घेऊन गेला. विमान हातातून सुटलं ते कलंडलं आणि गिरकी खाऊन पडलं. तीनदा तेच. जावई कल्लप्पा पोट धरून हसला आणि म्हणाला, हे खेळणं घेऊन आमच्या गावात तेवढं येऊ नका, लोक मला नावं ठेवतील. जगदेवी खाली बघत म्हणाली, "अप्पा, ऱ्हाऊ द्या की आता."

ते मात्र त्याच्या जिव्हारी लागलं.

लेक गेल्यावर त्यानं पंख निरखला. कोरड्या उन्हात कागद ताणला गेला होता आणि पंखाला पीळ पडला होता. गिरणीच्या दमट हवेत जमवलेला तोल बाहेर कसा टिकेल? जन्म गिरणीत घालवला आणि एवढं कळू नये, म्हणून तो स्वतःवरच चिडला. दोन दिवस विमान उन्हात ठेवलं, पीळ काढला, पुन्हा बोटांवर तोललं. उघड्या माळावर ते सरळ गेलं. पण बघायचं होतं तिनं.

सुट्टीच्या दिवशी विमान घेऊन तो पहाटे वळसंगला चालत निघाला. गावात शिरला असता तर जगदेवीलाच बोलणी बसली असती. म्हणून वेशीबाहेर विहिरीपाशी बसला. पाण्याला बाया आल्या, गेल्या. ती काही आली नाही.

दुपार कलल्यावर त्यानं विमान सोडलं. ज्वारीच्या उभ्या पिकावरून ते सरळ, संथ, पार बांधापर्यंत गेलं. घागर भरायला आलेली एक म्हातारी थबकून बघत राहिली. कुणाकडं आलात, म्हणून तिनं विचारलं.

"कुनाकडं न्हाय, बाई," वीरभद्रप्पा म्हणाला. "वाट चुकलो."

मग पिकात शिरून त्यानं विमान शोधलं आणि सोलापूरच्या वाटेला लागला.